आधी नकाशा, मग डिटेक्टर: इंग्लंडमध्ये शोधासाठी शेत कसं निवडायचं

मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं मशीन) घेतल्यावर पहिल्या चार महिन्यांत मी जे गोळा केलं, ते अजून आइस्क्रीमच्या एका डब्यात ठेवलंय: शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांची पितळी बुडं, गंजून फुगलेले खिळे आणि ट्रॅक्टरचा एक नट. दर रविवारी संध्याकाळी आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, "सापडलं का रे गुप्तधन?" आणि मी कॅमेऱ्यासमोर तो नट धरायचो.

मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. मी शेतच चुकीच्या कारणांसाठी निवडत होतो: घराजवळ आहे, गाडी लावायला जागा आहे, दिसायला छान आहे. आमच्या क्लबातल्या एका वयस्कर सभासदांनी तो डबा बघितला आणि म्हणाले, "महिनाभर मशीन कपाटात ठेव. नकाशे बघ." मी पूर्व इंग्लंडमधल्या सफोकमध्ये राहतो. इप्सविचजवळ मार्टलशमला आयटीच्या कामासाठी पुण्याहून येणारी मंडळी कमी नाहीत, आणि त्यातल्या दोघा-तिघांनी गेल्या वर्षभरात मला हेच विचारलं की सुरुवात कुठून करायची. म्हणून हे लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. नकाशात खजिना दाखवलेला नसतो. माणसं कुठे थांबायची, कुठे कुंपण ओलांडायची, कुठे पैसे मोजायची, ते नकाशात असतं. नाणं, बटण, बक्कल पडतं ते अशाच जागी. तेव्हा जुन्या नकाशावर जे आहे आणि आजच्या नकाशावर जे नाही, ते शोधायचं. जी वस्ती अजून उभी आहे तिथे तुम्हाला कोणी खणू देणार नाही. जी नाहीशी झाली ती आज कुणाच्या तरी गव्हाखाली आहे.

१. कुठला कायदा लागू आहे ते बघा

पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. इथे जमीनमालकाच्या परवानगीने डिटेक्टर चालवता येतो. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळे: तिथे पुरातन वस्तू सापडली की ती राजसत्तेची, आणि कळवणं बंधनकारक. उत्तर आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंच्या शोधासाठी खणायला आधी परवाना लागतो.

आणि सुट्टीत गावी जाताना मशीन इथेच ठेवा. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांत, म्हणजे आपल्या बहुतेक नावाजलेल्या किल्ल्यांवर, परवानगीशिवाय उकरणं हा सरळ गुन्हा आहे. "इंग्लंडात चालतं" हे उत्तर तिथे कोणी ऐकून घेणार नाही.

२. दोन नकाशे शेजारी-शेजारी लावा

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जा. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंड-वेल्सचे ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे) जुने नकाशेही तिथे आहेत, आणि घरबसल्या बघायला पैसे पडत नाहीत. ऑर्डनन्स म्हणजे तोफखाना. १७९१ साली या खात्याची सुरुवात झाली ती फ्रेंच हल्ल्याच्या भीतीपोटी. पहिला नकाशा १८०१ मध्ये केंटचा निघाला. आपल्याला लष्कराशी देणंघेणं नाही, पण त्यांची शिस्त आपल्या कामाची आहे.

तिथे 'साइड बाय साइड' नावाची सोय आहे. डावीकडे पंचवीस इंची नकाशा निवडा, उजवीकडे आजचं उपग्रह छायाचित्र. डावीकडे कर्सर फिरवला की उजवीकडेही त्याच जागेवर खूण फिरते. पंचवीस इंची म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर पंचवीस इंच, प्रमाण १:२५००. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. या नकाशावर एकेकटं झाड, विहीर, हातपंप, फाटक, सगळं दिसतं. सहा इंची नकाशाही आहे, पण तो परिसराचा अंदाज घ्यायला. शेत ठरवायचं ते पंचवीस इंचीवर.

इथे एक खाच आहे. नकाशाच्या समासात दोन सालं असतात: मोजणीचं आणि छपाईचं. मोजणी आधीची, छपाई नंतरची, कधीकधी बरीच नंतरची. वहीत मोजणीचं साल लिहा. शिवाय एकाच भागाच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत वीसेक वर्षांचं अंतर असतं. त्या वीस वर्षांत काय गायब झालं ते बघण्यात माझ्या कित्येक हिवाळी रात्री गेल्यात. बायको त्याला 'तुझी मालिका' म्हणते.

३. नकाशावर काय शोधायचं

सगळ्यात आधी पायवाटा. नकाशावर दोन तुटक रेघा आणि बाजूला 'एफ. पी.' ही अक्षरं दिसली की ती पायवाट. गावातून चर्चकडे, मळ्यातून गिरणीकडे, गिरणीतून दारूच्या गुत्त्याकडे. गुत्त्याला 'पी. एच.' अशी खूण असते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं फिरावीत म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी मैलोन्‌मैल कुंपणं काढून टाकली आणि तीन-चार शेतांचं एक शेत केलं. त्यात अशा कितीतरी वाटा नांगरल्या गेल्या.

वाट सापडली की ती कुंपण कुठे ओलांडते ते बघा. तिथे लाकडी पायऱ्या असायच्या, त्यांना स्टाइल म्हणतात. माणूस पाय वर टाकतो, वाकतो, खिसा उलटा होतो. मला सापडलेल्या जॉर्ज राजांच्या काळातल्या (अठरावं-एकोणिसावं शतक) तांब्याच्या नाण्यांतली निम्मी अशा जागांच्या आसपास, पाच-सात मीटरच्या आत मिळाली.

मग या जागा बघा:

- नदी-ओढ्याचा उतार आणि होडीचा धक्का. लोक इथे थांबायचे, जोडे काढायचे, पैसे द्यायचे.
- कोंडवाडा. इंग्रजीत 'पाउंड' किंवा 'पिनफोल्ड'. मोकाट जनावर सोडवायला दंड भरावा लागायचा, अगदी आपल्या ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यासारखाच.
- शेताच्या मधोमध एकटं घर किंवा गोठा, जो आज नाही.
- रस्त्याचं जुनं वळण. रस्ता नंतर सरळ केला असेल तर जुना तुकडा शेतात गेलेला असतो. अशाच एका वळणावर मला पितळेचं घुंगूर मिळालं, आतला खडा अजून वाजणारं. जनावरांच्या गळ्यात बांधायचे. आईला दाखवल्यावर ती म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली पोळ्याची घुंगुरमाळ."

आता कुठे जाऊ नये तेही सांगतो. 'स्मिदी' म्हणजे लोहाराचं दुकान: मशीन सतत ओरडतं आणि हाती लोखंडाचा चुराच येतो. 'ब्रिक फील्ड' म्हणजे वीटभट्टी. 'ओल्ड ग्रॅव्हल पिट' म्हणजे मुरमाचा खड्डा, जो नंतर बहुतेकदा कचऱ्याने भरलेला असतो. 'रायफल रेंज' दिसली तर दिवसभर शिशाच्या गोळ्याच वेचाव्या लागतील.

गॉथिक वळणाच्या अक्षरांत काही लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. ऑर्डनन्स सर्व्हे पुरातन जागांसाठी वेगळी अक्षरं वापरतं, आणि कधी कधी 'अमुक साली इथे रोमन नाणी सापडली' असंही छापतं. नवख्या माणसाचा जीव तिथेच अडकतो. पण एवढी ठळक जागा शंभर वर्षांपूर्वीच विद्वानांना माहीत होती. आज ती बहुधा संरक्षित आहे, नाहीतर पुन्हापुन्हा चाळून झालेली. आणि त्या काळी हौशी पाद्रीबुवा कुठल्याही चौकोनी खंदकाला 'रोमन छावणी' म्हणून मोकळे व्हायचे, तेही नकाशावर उतरलंय.

४. टाइद नकाशा: शेतांची नावं वाचा

माझ्या मते सगळ्यात रसाळ भाग हाच.

टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. (आपल्याकडे सरदेशमुखीही दहा टक्केच होती, फक्त ती वसूल करणारे पाद्री नव्हते.) पूर्वी तो धान्यात, लोकरीत, डुकराच्या पिलांत द्यायचे. १८३६ च्या कायद्याने तो पैशात बदलला, आणि त्यासाठी पॅरिश-पॅरिशची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावाचा भाग) मोजणी झाली. त्यातून प्रत्येक ठिकाणी दोन कागद तयार झाले: एक नकाशा, ज्यावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि एक तक्ता, ज्यात त्या क्रमांकापुढे मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट की कुरण, आणि क्षेत्रफळ. थोडक्यात, सातबारा आणि गावनकाशा एकत्र.

क्षेत्रफळ एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. घाबरू नका. चार रूडांचा एकर, चाळीस पर्चांचा रूड. म्हणजे एकरात १६० पर्च. आपल्या एकरात ४० गुंठे, तेव्हा एक गुंठा म्हणजे बरोबर चार पर्च. हा योगायोग नाही. दोन्हींच्या मागे तीच ६६ फुटांची साखळी आहे. अर्धी साखळी म्हणजे ३३ फूट, आणि ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे गुंठा. हे लक्षात आलं त्या दिवशी मी तलाठ्याच्या मुलासारखा तो तक्ता वाचायला लागलो.

हे कागद कुठे मिळतात? एक प्रत लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, दुसरी बहुधा काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, अभिलेखागारात. सफोकची इप्सविचच्या 'द होल्ड' या इमारतीत. वेल्सचे टाइद नकाशे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन मोफत ठेवलेत. इंग्लंडात काही काउंट्यांनी ठेवलेत, काहींनी नाही. काही खाजगी वंशावळ-संकेतस्थळांवर वर्गणी भरून दिसतात. वर्गणी भरायच्या आधी काउंटीच्या अभिलेखागाराला एक ईमेल टाका. तिथली माणसं फार मदत करतात, आणि प्रत्यक्ष गेलात तर पेन बाहेर ठेवून पेन्सिल न्या.

नावांकडे लक्ष द्या. 'चॅपल फील्ड' जवळ एखादं नाहीसं झालेलं प्रार्थनामंदिर असू शकतं. 'फेअरस्टेड' किंवा 'फेअर फील्ड' म्हणजे जत्रेची जागा, आपला बाजारतळ. 'डव्हहाउस क्लोज' म्हणजे कबुतरखाना, आणि कबुतरखाना पाळायचा तो जहागीरदार. 'पाइटल' हा इकडचा शब्द, लहानसा तुकडा एवढाच अर्थ, त्यात काही शोधू नका.

'ब्लॅकलँड्स' नाव दिसलं की माझे कान टवकारतात. शतकानुशतकं चुलीची राख, हाडं आणि उकिरडा मिसळून माती काळी पडते. अशा नावाच्या शेतांत कितीदा रोमन वस्ती निघाली आहे. गंमत बघा: आपल्याकडे दख्खनच्या गावात राहायची जागा ती पांढरी आणि पिकाची ती काळी. जुनं गाव शोधायचं तर आपण पांढरीच्या टेकाडावर जातो. इथे काळी शोधायची.

आणि एक नाव मला पहिल्यांदा पार फसवून गेलं: 'कॅम्पिंग क्लोज'. मी समजलो, तंबू ठोकायची जागा, म्हणजे अलीकडची. पान उलटलं. नंतर अभिलेखागारातल्या बाईंनी सांगितलं की ईस्ट अँग्लियात, म्हणजे आमच्या या पूर्वेकडच्या भागात, 'कॅम्पिंग' हा फुटबॉलचा धसमुसळा पूर्वज होता, गावच्या गाव एकमेकांवर तुटून पडायची, आणि हे नाव असलेलं शेत म्हणजे त्यांचं मैदान. खेळणारे पडायचे, बघणारे कडेला उभे राहायचे, बाजूला कोणीतरी बिअर विकायचं. पुढच्याच आठवड्यात मी त्या शेताच्या मालकाला पत्र लिहिलं. ती गोष्ट पुढे सांगतो.

५. त्याहून जुनं: गायरानाची कड

ऑर्डनन्स सर्व्हेच्या आधी खाजगी नकाशाकारांनी काउंट्यांचे नकाशे काढले. इसेक्सचा चॅपमन आणि आंद्रे यांचा १७७७ चा, सफोकचा हॉडस्किन्सनचा १७८३ चा, नॉरफकचा फेडनचा १७९७ चा. प्रमाण लहान, एका मैलाला एक-दोन इंच. त्यावरून खड्डा कुठे खणायचा ते कळत नाही, पण एक गोष्ट कळते जी नंतरच्या नकाशांवर पुसली गेली: गायरानं कुठे होती.

या भागात घरं गावाच्या मधोमध नव्हती, गायरानाच्या कडेकडेने होती. नंतर संसदेच्या कायद्यांनी गायरानं वाटली गेली, कुंपणं पडली, सरळ रस्ते आखले गेले. कित्येक घरं ओस पडली. म्हणून जुन्या नकाशावर गायरानाची वाकडीतिकडी कड काढा, ती आजच्या नकाशावर पेन्सिलने उतरवा, आणि त्या रेघेवर जिथे आज मोकळं शेत आहे तिथे खूण करा. गायरानाच्या मध्यात फारसं काही मिळत नाही. सगळी मजा कडेला.

६. लायडार

विमानातून लेसरने घेतलेली जमिनीची उंची. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची ही माहिती खुली आहे आणि वर सांगितलेल्या नॅशनल लायब्ररीच्या दोन-नकाशांच्या सोयीतही तो थर निवडता येतो. झाडं वजा करून जमीन दिसते: बुजलेला खंदक, घराचा चौथरा, खोलगट झालेली जुनी वाट. मध्ययुगीन नांगराच्या लांबलचक सऱ्या-वरंबेही दिसतात. त्याचा अर्थ ते तेव्हा शेत होतं, वस्ती नव्हे. नवखे लोक ते सुंदर पट्टे बघून तिकडे धावतात.

७. निषिद्ध जागा आधी वगळा

सरकारचा 'मॅजिक' नावाचा नकाशा मोफत आहे. त्यात संरक्षित स्मारकांचा थर सुरू करा. १९७९ च्या कायद्यानुसार इंग्लंडमधल्या संरक्षित स्मारकावर हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या लेखी संमतीशिवाय डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे, मालक हो म्हणाला तरीही. निसर्गदृष्ट्या संरक्षित जागाही त्याच नकाशावर दिसतात, त्याही टाळा. दुसऱ्या महायुद्धात विमान कोसळलेली जागा असेल तर तिथे १९८६ चा वेगळा कायदा आहे.

सार्वजनिक पायवाटेवरून चालायचा हक्क म्हणजे तिथे खणायचा हक्क नव्हे. लंडनला थेम्सच्या काठावर नुसतं शोधायलाही परवाना लागतो.

८. मालकाकडे जा

खरी अडचण इथे येते. तुमच्याकडे दहा उत्तम शेतं असतील आणि एकाचीही परवानगी नसेल, तर ती शेतं नाहीतच.

मालक कोण ते गावात विचारून कळतं. नाहीतर लँड रजिस्ट्रीतून थोडे पौंड भरून. कसणारा वेगळा असेल तर दोघांची परवानगी हवी. माझी पहिली परवानगी याच कारणाने रद्द झाली: ज्यांनी हो म्हटलं ते कुळ होते, आणि मालकाच्या मॅनेजरने मला तिसऱ्या रविवारी शेताबाहेर काढलं. चूक माझी, मी विचारलंच नव्हतं.

जाताना मशीन नेऊ नका. टाइद नकाशाची त्यांच्या मळ्यापुरती छापील प्रत न्या, शेतांच्या नावांसकट. कॅम्पिंग क्लोजच्या मालकांना मी ती दिली तेव्हा ते दारातच उभे राहून वाचायला लागले. पाच मिनिटं माझ्याकडे बघितलंही नाही. मग म्हणाले, "माझे आजोबा याला कॅम्पेन म्हणायचे. मला वाटायचं ते चुकीचं बोलतात." आणि चहाला आत बोलावलं.

चहा संपायच्या आत चार गोष्टी लेखी ठरवा: कुठली शेतं, कुठल्या महिन्यांत, सापडलेल्या वस्तूंचा वाटा (निम्मा-निम्मा हा रिवाज आहे), आणि शेत कुठल्या सरकारी पर्यावरण योजनेत आहे का. योजनेत असेल तर खणण्यावर अटी असू शकतात. हो मिळालं तरी हिवाळी पीक उगवल्यावर जाऊ नका. उत्तम वेळ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, कापणीनंतर धसकटं उभी असताना, किंवा नांगरून जमीन सपाट केल्यावर.

९. नकाशावरून जमिनीवर

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना काही मीटर इकडे-तिकडे सरकतो, आणि फोनचा जीपीएसही तीन-पाच मीटर चुकतो. दोन्ही चुका एका दिशेला गेल्या की तुम्ही स्टाइलपासून दहा मीटर लांब उभे राहून जमिनीला दोष देता.

उपाय जुनाच आहे. दोन्ही नकाशांवर असलेल्या दोन पक्क्या खुणा धरा: चर्चचा मनोरा, मळ्याचा कोपरा, न हललेलं कुंपण. त्यांच्यापासूनचं अंतर पंचवीस इंचीवर मोजा आणि जमिनीवर टेपने किंवा पावलांनी मोजत जा.

पोचलात की हेडफोन लावायच्या आधी दहा मिनिटं नुसतं खाली बघत फिरा. विटांचे तुकडे, कौलं, शिंपल्या, निळी-पांढरी खापरं एका जागी दाट दिसली तर घर तिथेच होतं. त्यात खिळ्यांचे सिग्नल भरपूर आले तर आणखी खात्री. आमच्यातले काही जण खिळे लागले की पळतात. मी थांबतो.

पण खापरं आणि बटणं सगळ्या शेतभर सारखी पसरलेली असतील तर ती वस्ती नव्हे, सोनखत. एकोणिसाव्या शतकात शहरांतला मैला आणि कचरा गाड्या भरभरून शेतात टाकायचे, त्यात तुटलेल्या बाहुल्यांपासून नाण्यांपर्यंत सगळं यायचं. नकाशावर काही नसताना शहराजवळच्या शेतात बटणांचा पाऊस पडतो तो यामुळे. आजकाल बागेच्या कचऱ्याचं कंपोस्ट पसरतात, त्यात अॅल्युमिनियमचे बारीक तुकडे असतात. असं शेत मशीनसाठी संपलं समजा. मालकाला आधीच विचारा.

कॅम्पिंग क्लोजवर पहिल्या दिवशी मी मैदानाच्या मधोमध तीन तास घालवले आणि हाती आली मस्केटची एक शिशाची गोळी. दुसऱ्या दिवशी वाटेच्या बाजूच्या कडेने गेलो. दोन बक्कलं, शिशाचं एक ओबडधोबड टोकन, बटणं, आणि चार इंच खोल, नखाएवढ्या जाडीचं, जरासं वाकलेलं एलिझाबेथ पहिलीचं चांदीचं नाणं. राणीचा चेहरा झिजून नुसती गळपट्टी उरली होती.

१०. सापडल्यावर

ते एकटं नाणं 'ट्रेझर' नव्हे. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू ट्रेझर ठरते; नाण्यांच्या बाबतीत सोन्या-चांदीची किमान दोन एकत्र, इतर धातूंची किमान दहा. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या. अशी वस्तू मिळाली तर चौदा दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या ऐवजाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं. सोपा मार्ग म्हणजे तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तू नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळातला मोठा ऐवज कळवायच्या ऐवजी परस्पर विकायला काढला. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले.

उलट उदाहरण आमच्या सफोकचंच. १९९२ साली हॉक्सन गावात एरिक लॉज हे आपल्या एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला मशीन घेऊन गेले. चांदी-सोनं दिसायला लागल्यावर त्यांनी खणणं थांबवून कळवलं, आणि पुरातत्त्वज्ञांनी सुमारे पंधरा हजार रोमन नाणी जशीच्या तशी बाहेर काढली. बक्षीस साडेसतरा लाख पौंड; लॉज यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडीही सापडली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तेव्हा भरपूर आणि खोल सिग्नल लागले तर फावडं खाली ठेवा.

ट्रेझर नसलेल्या जुन्या वस्तूही पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेकडे, नोंदवा. तिथे पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद आहे. त्यांना जागेचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारे आकडे, लागतो. आठ आकडी म्हणजे दहा मीटरपर्यंत अचूक, दहा आकडी म्हणजे एक मीटरपर्यंत. फोनवर 'ओएस लोकेट' मोफत आहे. प्रत्येक वस्तूची पिशवी वेगळी आणि संदर्भ तिथल्या तिथे, घरी येऊन आठवत नाही.

शेताचं नाव-गाव मात्र सोशल मीडियावर टाकू नका. रात्री चोरून खणणारे त्याचीच वाट बघत असतात. म्हणूनच इथेही पॅरिशचं नाव लिहिलेलं नाही.

बरोबर काय हवं

- परवानगीचं पत्र, मालकाचा फोन नंबर
- पब्लिक लायबिलिटी विम्याचं कार्ड. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगच्या सभासदत्वात विमा येतो
- पंचवीस इंची आणि टाइद नकाशाच्या प्रती, प्लास्टिकच्या पिशवीत
- डिटेक्टर, हेडफोन, पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारं छोटं यंत्र), अरुंद पात्याचं फावडं, हातमोजे
- तीस मीटरची टेप, लहान पिशव्या, पेन्सिल
- कचऱ्याची पिशवी. काडतुसं, शिसं, लोखंड सगळं उचलून न्या. खड्डा बुजवून पायाने दाबा

मोसम संपला की मी सगळ्या वस्तू पंचवीस इंचीच्या छापील प्रतीवर ठिपक्यांनी मांडतो आणि एक प्रत मालकाला देतो. कॅम्पिंग क्लोजचे ठिपके मांडले तेव्हा बहुतेक वाटेच्या बाजूला पडले, पण सातआठ ठिपके शेजारच्या शेतात एका सरळ रेघेत गेले. त्या रेघेवर ना १८८० च्या दशकातली पायवाट, ना टाइद नकाशावर काही. मालकांनी प्रत टेबलावर पसरली, चष्मा लावला, बराच वेळ बघितली. मग आतल्या खोलीत गेले आणि मळा लिलावात निघाला तेव्हाचं, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, एक पिवळं पडलेलं पत्रक घेऊन आले. त्यातल्या नकाशावर त्या शेजारच्या शेताचं नाव होतं 'चॅपल पाइटल'. सध्या तिथे बीट आहे. नोव्हेंबरात निघेल.